इंटरचेंज (मराठी पर्यायशब्द)

इंटरचेंज हा मराठीत रूढ होत असलेला इंग्रजी शब्द असून तो दोन वेगळ्या अर्थांनी येतो: वस्तूंची अथवा व्यक्तींची परस्पर अदलाबदल, आणि एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर जाण्याची सोय असलेले ठिकाण. इंग्रजीत हे दोन्ही अर्थ एकाच शब्दाखाली नांदतात. मराठीत मात्र त्यांच्यासाठी शब्दांची दोन स्वतंत्र कुळे आहेत आणि एका कुळातील शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. पर्यायशब्द निवडताना होणारा घोटाळा बहुधा येथूनच सुरू होतो.

== नागपुरातील वापर ==
नागपुरात धंतोलीला लागून असलेल्या सीताबर्डीत, मुंजे चौकातील मेट्रो स्थानकाचे नाव 'सीताबर्डी इंटरचेंज' असे आहे. ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी ही नारिंगी मार्गिका आणि प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर ही ॲक्वा मार्गिका येथे एकमेकींना छेदतात. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा पूर्णत्वास गेला; त्याच दिवशी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भागही वाहतुकीस खुला झाला. त्या महामार्गावर चढण्या-उतरण्याच्या ठिकाणांनाही इंटरचेंजच म्हणतात. शहरात आणि गावोगावी हा शब्द असा दोन वाटांनी पोहोचला.

== अदलाबदलीचे शब्द ==
'अदलाबदल' हा सर्वांत व्यापक शब्द. यात एक वस्तू जाते आणि तिच्या जागी दुसरी येते. 'विनिमय' हा संस्कृत शब्द अर्थशास्त्रात स्थिरावला आहे (वस्तुविनिमय, चलनविनिमय). बोहारीण जुने कपडे घेऊन भांडे देते, तो व्यवहार वस्तुविनिमयच होय. पण घरात कोणी त्यास विनिमय म्हणणार नाही. 'देवाणघेवाण' विचारांची व भेटवस्तूंची होते. तीत तंतोतंत मोबदला अपेक्षित नसतो, आणि विचार दिला म्हणून तो आपल्याजवळून जातही नाही.

'साटेलोटे' या शब्दाचा मूळ संबंध विवाहाशी आहे: एका घरातील भाऊ-बहिणीचे दुसऱ्या घरातील बहीण-भावाशी लग्न. राजकारणात तो परस्परांच्या सोयीने केलेल्या, काहीशा संशयास्पद व्यवहारासाठी वापरला जातो. म्हणून सरळ अदलाबदलीस साटेलोटे म्हणणे अन्यायाचे ठरते. दोन शिक्षक एकमेकांच्या शाळा घेतात त्यास 'आपसी बदली' म्हणतात. ही शब्दयोजना विशेष नेमकी आहे, कारण नुसत्या 'बदली'त परस्परता नसते. 'खांदेपालट'मध्ये माणसे बदलतात, काम तेच राहते.

== रस्ते मिळतात त्या जागा ==
या कुळात मराठी अधिक श्रीमंत आहे. 'चौक' हा संस्कृत 'चतुष्क'पासून आला असून वाड्यातील मोकळ्या अंगणासही तोच शब्द आहे. नागपुरात त्याचा पसारा मोठा: धंतोलीत मेहाडिया चौक, लोकमत चौक, तीन रस्ते मिळाले तरी चौकच. तीन वाटांच्या जागेस कोकणात 'तिठा' (नांदगाव तिठा), कोल्हापुरात 'तिकटी' (पापाची तिकटी) म्हणतात. नागपूरकरांनी मात्र अशा जागेसाठी 'टी पॉइंट' पत्करला आहे (हिंगणा टी पॉइंट), आणि तिठ्यासारखा सुटसुटीत शब्द मराठीतच असताना ही निवड खटकते.

मुख्य रस्त्यास फुटलेली शाखा म्हणजे 'फाटा' (शिळफाटा). 'चौरस्ता' व 'चौफुला' ही नावे हमरस्त्यावर आढळतात. वर्धा जिल्ह्यातील जाम चौरस्ता आणि पुणे जिल्ह्यातील केडगावजवळचे चौफुला ही परिचित उदाहरणे. 'नाका' मुळात जकात वसूल करण्याची जागा. मुंबईतील जकात १ जुलै २०१७ पासून संपली, नाके नावापुरते उरले. 'चव्हाटा' हाही चार वाटांचा संगम; आता तो बहुतांशी 'चव्हाट्यावर आणणे' या वाक्प्रचारातच ऐकू येतो.

== पर्यायाची निवड ==
मेट्रोच्या स्थानकास 'अदलाबदल स्थानक' म्हणता येणार नाही. तेथे प्रवासी गाडी बदलतो. त्याच्या मोबदल्यात कोणी त्याची जागा घेत नाही, म्हणजे परस्परता नाही. 'मनमाडला गाडी बदलावी लागते' हे वाक्य मराठी माणूस सहज बोलतो; त्यास धरून 'गाडीबदल स्थानक' हा शब्द नवख्या प्रवाशासही उमगेल. 'जंक्शन' येथे कमी पडतो, कारण तो रूळ कोठे मिळतात ते सांगतो, प्रवाशाने काय करायचे ते नाही.

महामार्गावरील इंटरचेंजला 'चौक' म्हणणे चुकीचे आहे. चौकात रस्ते एकाच पातळीवर मिळतात आणि वाहनांना थांबावे लागते. इंटरचेंजमध्ये एक रस्ता दुसऱ्याच्या वरून वा खालून जातो व वळणदार जोडरस्ते दोहोंना सांधतात. 'उड्डाणपूल' या शब्दात तो जोड येत नाही. 'मार्गजोड' हा शब्द अर्थाच्या जवळ जातो. मात्र ज्या गावकऱ्याला महामार्गावरून आपल्या गावी उतरायचे आहे, त्याच्या दृष्टीने 'फाटा' हाच ओळखीचा शब्द आहे, आणि वाट विचारताना तो उपयोगी पडतो.