सोबत घरचं माणूस हवं

अरोच्या मनोरुग्णालयात उपचारासाठी येणाऱ्या रुग्णाला पहिली अट असायची: सोबत घरचं माणूस हवं. आई, बहीण, भाऊ, आत्या, कोणीही चालेल. पण एकटं यायचं नाही. गोष्ट १९५० च्या दशकातली, नैर्ऋत्य नायजेरियातल्या अबेओकुटा शहराजवळची. अट घालणारे डॉक्टर होते थॉमस अडेओये लॅम्बो.

लॅम्बो याच शहरातले. जन्म १९२३ चा. बर्मिंगहॅम विद्यापीठात वैद्यकीचं आणि पुढे लंडनमध्ये मनोविकारशास्त्राचं शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले. युरोपीय पद्धतीचं शिक्षण घेतलेले ते नायजेरियाचे पहिले मनोविकारतज्ज्ञ. देशावर तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि वेड्यांसाठीची सोय म्हणजे कोंडवाडाच. अबेओकुट्यातलं लांतोरोचं आश्रयस्थान तर मुळात तुरुंग होतं.

१९५४ मध्ये अरो मनोरुग्णालयाची जबाबदारी लॅम्बोंकडे आली, तेव्हा इमारतींचं काम अजून चालूच होतं. खाटा नाहीत म्हणून थांबायचं का? लॅम्बोंनी आसपासच्या चार खेड्यांतल्या वडीलधाऱ्यांची भेट घेतली. रुग्ण आणि त्याचा नातेवाईक गावात भाड्याने खोली घेऊन राहतील, असं ठरलं. नातेवाइकाने स्वयंपाक करायचा, कपडे धुवायचे, सकाळी रुग्णाला रुग्णालयात पोचवायचं आणि दुपारी परत न्यायचं. रुग्णालयात विजेचे झटके, औषधं असे त्या काळातले आधुनिक उपचार होत. उरलेला दिवस रुग्ण गावातच घालवी. शेतावर जाई, नाचगाण्यात सामील होई, चारचौघांत बसे.

गावकऱ्यांनी हे निव्वळ दयाबुद्धीने स्वीकारलं असं नाही. त्यांना भाडं मिळत होतं. घर वाढवायला रुग्णालयाकडून कर्ज मिळे; पाण्याची, संडासांची सोय झाली, डास मारणारं पथक फिरू लागलं. सरकारचाही फायदा होता, कारण मोठी रुग्णालयं बांधण्यापेक्षा ही व्यवस्था कितीतरी स्वस्त पडत होती.

लॅम्बोंच्या दुसऱ्या निर्णयावर मात्र पाश्चात्त्य डॉक्टरांच्या भुवया उंचावल्या. त्यांनी गावातले पारंपरिक वैदू हाताशी घेतले. तिथल्या योरुबा समाजात आजारी माणूस आधी त्यांच्याचकडे जाई. कोणावर शाप आहे, कोणाचं घरात बिनसलंय, हे त्यांना ठाऊक असे. हे वैदू रुग्णांचे सामूहिक कार्यक्रम आणि विधी पाहत. म्हणून लॅम्बोंनी औषधं बाजूला ठेवली असं नव्हे. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू होत्या आणि देखरेख डॉक्टरांची होती.

लॅम्बोंच्या या साऱ्या प्रयोगामागे एक वादही होता. वसाहतीच्या काळातले मनोविकारतज्ज्ञ जे. सी. कॅरोदर्स यांनी आफ्रिकी माणसाच्या मनाची तुलना मेंदूवर शस्त्रक्रिया झालेल्या युरोपीय रुग्णाशी केली होती, आणि १९५३ मध्ये त्यांचं पुस्तक जागतिक आरोग्य संघटनेनेच छापलं होतं. लॅम्बोंनी असल्या सिद्धांतांवर उघड टीका केली. पुढे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे अलेक्झांडर लेटन आणि लॅम्बो यांच्या चमूने योरुबा खेड्यांत आणि शहरात पाहणी केली. तिचा अहवाल १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. मनाचे आजार तिथेही होते आणि पाश्चात्त्य डॉक्टरांना ओळखू येतील असेच होते. त्याआधी, १९६१ मध्ये, साऱ्या आफ्रिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांची पहिली परिषद अबेओकुट्यातच भरली होती.

कुटुंबाला उपचारात ओढण्याची कल्पना त्याच काळात भारतातही रुजत होती. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबू ठोकून राहायला लावत होते.

लॅम्बो पुढे इबादान विद्यापीठात प्राध्यापक आणि नंतर कुलगुरू झाले. कॅरोदर्सचं पुस्तक छापणाऱ्या त्याच जागतिक आरोग्य संघटनेत ते १९७३ पासून १९८८ पर्यंत उपमहासंचालक होते. ते या पदावर असताना, १९७८ मध्ये, अल्मा-आटाचा प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा आला. गावपातळीवरच्या आरोग्यसेवेत कोणाकोणाला सामावून घ्यावं याच्या त्यातल्या यादीत डॉक्टर आणि परिचारिकांबरोबर, गरजेनुसार, पारंपरिक वैदूंचाही उल्लेख आहे. २००४ मध्ये लॅम्बोंचं निधन झालं. अरोचं रुग्णालय आजही सुरू आहे.