परवान्यातून पाताळाकडे

झाक ऑफेनबाख याच्या ‘पाताळातील ऑर्फियस’ या विनोदी संगीतिकेच्या जन्मास प्रतिभेइतकीच सरकारी कलमे आणि सावकारांचे तगादे कारणीभूत झाले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. कोलोन शहरी 1819 साली एका ज्यू प्रार्थनागायकाच्या घरी जन्मलेला आणि चौदाव्या वर्षी शिक्षणार्थ पॅरिसला आलेला हा चेलोवादक, प्रस्थापित नाट्यगृहे आपल्या रचनांना दाद देईनात, तेव्हा 1855 मध्ये ‘बूफ-पारिझियें’ हे स्वतःचेच नाट्यगृह थाटून बसला; परंतु रंगमंचावर बोलकी पात्रे मोजकीच असावीत, अशी सक्त अट त्याच्या परवान्यात नमूद होती. 1857 च्या ‘क्रोकफेर’मध्ये तर त्याने मर्यादेबाहेरच्या पाचव्या पात्राची जीभ छाटलेली दाखवून, त्याचे भाषण फलकांवर लिहून प्रेक्षकांपुढे धरविले आणि कायद्याची बूज राखूनच कायद्याची फजिती केली!

पुढे ही बंधने सैल झाली, सावकारांच्या तगाद्यांनी यशाची निकडही वाढविली, आणि 21 ऑक्टोबर 1858 रोजी दोन अंकांचा, समूहगायनासह सजलेला ‘ऑर्फियस’ रंगभूमीवर अवतरला. संहिता एक्तोर क्रेमिय आणि ल्युदोविक आलेव्ही यांची. मात्र आलेव्ही अल्जीरियाविषयक मंत्रालयात मोठ्या हुद्द्यावर असल्यामुळे त्याचे नाव कर्त्यांत झळकले नाही, म्हणून ऑफेनबाखने कृतीच त्याला अर्पण केली. मूळ ग्रीक कथेतील पत्नीनिष्ठ गायक येथे बायकोला विटलेला व्हायोलिनशिक्षक होतो, तिला पाताळदेव प्लुटोने पळविले म्हणून सुटकेचा निःश्वास टाकतो आणि केवळ ‘लोकमत’ नामक पात्राच्या धाकाने तिला आणावयास निघतो. इकडे अमृतपानास कंटाळलेले देव ‘मार्सेयेझ’ या फ्रेंच क्रांतिगीताच्या सुरांवर बंड पुकारतात, आणि देवाधिदेव ज्युपिटर माशीचे रूप घेऊन कुलपाच्या भोकातून पराक्रमास प्रवृत्त होतो.

समीक्षक झ्यूल झानँ याने या विटंबनेवर कडाडून कोरडे ओढले. तेव्हा क्रेमियने, प्लुटोच्या तोंडचे एक वर्णन खुद्द झानँच्याच लेखातून उचललेले असल्याचे उघड केले. या वादाने तिकीटखिडकीवर झुंबड उडाली आणि पहिल्याच मालिकेत 228 प्रयोग झाले. 1874 मध्ये ऑफेनबाखने गेते नाट्यगृहासाठी कृती चार अंकांपर्यंत फुगविली. तथापि जगाच्या कानी राहिला तो मूळचाच पाताळातील बेभान गॅलप हा द्रुतनृत्याचा तुकडा, जो पुढे कॅनकॅन नृत्यास कायमचा चिकटला. संगीतकार ग्लुकच्या ऑर्फियसवरील गंभीर विलापिकेची ऑफेनबाखने या कृतीत यथेच्छ थट्टा केली होती; तिची परतफेड संगीतकार सँ-साँसने 1886 मध्ये चोख केली: तोच गॅलप त्याने कासवांना बहाल करून अत्यंत संथ लयीत वाजविला.