विवरणपत्राचे शुल्क आणि प्राप्तिकर

सनदी लेखापालास विवरणपत्रासाठी दिलेले शुल्क उत्पन्नातून वजा होते काय? धंद्याचे रीतसर हिशेब ठेवणाऱ्या बेळगावच्या दुकानदारास ते वजा करता येते. तो धंद्याचाच खर्च होय. त्याच लेखापालाकडे जाणाऱ्या पगारदार शिक्षकास मात्र ठरावीक प्रमाणित वजावटीवरच समाधान मानावे लागते. शुल्काची पावती दाखवून अधिक मागण्याची सोय नाही. पूर्वी थोडा दिलासा होता. १९७६ साली अमलात आलेल्या ‘८० व्हीव्ही’ या कलमान्वये करनिर्धारणाच्या कामकाजावरील खर्च ५,००० रुपयांपर्यंत वजा होई. १९८६ साली ते कलम गेले. विवरणपत्राची सक्ती तेवढी राहिली! शिक्षकाचा शिकवण्यांचाही व्यवसाय असेल, तर त्या हिशेबापुरते शुल्क वजा होऊ शकते. त्याची पावती लेखापालाकडून वेगळी घ्यावी.