चिरलेला शंख

आमचं संग्रामपूर खारपाण पट्ट्यातलं. खारं पाणी इथं विहिरीला लागतं. समुद्र चारशे किलोमीटर लांब. तरी आमच्या देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात आजीनं रामेश्वरहून आणलेला एक शंख वर्षानुवर्षं होता. भोवऱ्यासारखा निमुळता, तपकिरी, अंगभर बारीक गडद रेघा. शास्त्रीय नाव कोनस फिगुलिनस.

तो आतून पाहायचा होता. आई आधी नाहीच म्हणाली. मग एक दिवस स्वतःच म्हणाली, “ने, पण तुकडे जपून आण.” फरशीवाल्या मिस्त्रीनं पाणी सोडत कटरनं तो उभा चिरला. बोटावरची पांढरी भुकटी चोळत तो म्हणाला, “भाऊ, हा तं चुनाच हाय!” खरंच होतं. भुकटीवर लिंबू पिळलं तर फसफसलं.

दोन्ही फाका उन्हात धरल्या. मधल्या दांड्याभोवती जिन्यासारखे वेढे. बाहेरची भिंत चांगली जाड, आतल्या वेढ्यांच्या भिंती मात्र कागदासारख्या. मी बराच वेळ तिथंच बोट फिरवत राहिलो. आतली प्रत्येक भिंत एके काळी बाहेरचीच होती, मग ती झिजवली कुणी? त्या प्राण्यानंच. कुटुंब वाढल्यावर वाड्यातल्या मधल्या भिंती काढाव्यात, तसा तो वाढताना आतला चुना विरघळवून स्वतःला जागा करतो आणि टोकाकडचा भाग आतून भरून घेतो. ॲलन कोन आणि सहकाऱ्यांनी 1979 साली ही डागडुजी सविस्तर मांडली.

सोयाबीनचे कोंब कुरतडणारी शंखी गोगलगाय याच्याच गोतातली. तिची जीभ कानशीसारखी. याचा दात मात्र पोकळ भाल्यासारखा, विषानं भरलेला, एकदाच वापरायचा. आजीचा शंख समुद्रातल्या किड्यांवर जगणाऱ्या जातीचा. मासे मारणाऱ्या कोनस जिओग्राफसच्या दंशानं माणसं दगावली आहेत, आणि त्यावर प्रतिविष नाही. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ म्हणतात, ते इथं शब्दशः पटतं. पण कोनस मॅगसच्या विषातल्या रेणूवरूनच झायकोनोटाइड हे असह्य वेदनांवरचं औषध घडलं. अमेरिकेत त्याला 2004 साली मान्यता मिळाली. ते पाठीच्या कण्यातल्या द्रवात सोडतात.

फाका आता पुन्हा कोनाड्यात आहेत, चिरलेली बाजू पुढं करून.

कोकणातल्या किनाऱ्यावरही कोनस सापडतात. ओहोटीला असा शंख दिसला तर हात लावू नका, जाड बाजूनंही धरू नका. तो विषारी दात मारणारी सोंड तिथवर पोचते. खाली वाकून नुसता बघा.