पुरणाच्या हाताने हमस

"ह्यूमस? ते शेणखतात असतं की!" उरवडे गावात पहिल्यांदा घरी हमस करायला घेतलं, तेव्हा शेजारच्या काकी हेच म्हणाल्या. शंका रास्त होती. शेतातलं ह्यूमस हा लॅटिन शब्द, त्याचा अर्थ माती. वाटीतलं हमस अरबी, म्हणजे चक्क हरभरा! दोघांचं नातंगोतं काही नाही. पण भात निघाल्यावर खाचरातल्या उरल्या ओलीवर हरभरा घेतला, की त्याच्या मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्रही मिळतं. म्हणजे काकी फार चुकल्या नव्हत्या.

पदार्थाचं पूर्ण नाव 'हुम्मुस बि तहिना', म्हणजे तिळाच्या वाटणातला हरभरा. अरबी पाकग्रंथांत त्याच्या जवळपासचे प्रकार तेराव्या शतकापासून सापडतात. तेव्हा आपल्याकडे देवगिरीवर यादव होते.

काबुली हरभरे, पांढरे तीळ, लसूण, लिंबं, सगळं पिरंगुटला मिळतं. ताहिनी, म्हणजे तिळाचं वाटण, मात्र घरीच करावी, कारण सगळ्यात बघण्यासारखी पायरी तीच. पॉलिशचे तीळ रंग न बदलता मंद आचेवर भाजायचे आणि मिक्सरला लावायचे. आधी कूट होतो. संक्रांतीला आपण इथेच थांबतो, आज थांबायचं नाही. थोड्या वेळाने कूट भांड्याच्या कडेला चिकटून त्याचा गोळा होतो. आणखी फिरवलं की गोळ्याला तेल सुटतं आणि तो चक्क ओघळायला लागतो. तिळाच्या वजनात जवळजवळ निम्मं तेलच असतं! आता लिंबू पिळा. पातळ व्हायचं सोडून सगळं एकदम घट्ट होतं. इथे धीर धरायचा. बर्फाचं पाणी चमचा चमचा घालत फेटत राहिलं, की घट्टपणा मोडतो आणि मातकट रंग सायीसारखा पांढुरका होतो. ते बघायला काकी ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या.

लसूण लिंबाच्या रसातच ठेचा. लसणाचा उग्रपणा तयार करणारं विकर आंबटात काम करेनासं होतं, त्यामुळे चव राहते आणि झणका उतरतो.

हरभरे रात्री भिजवताना चिमूटभर खायचा सोडा घातला होता. सोड्याने सालातलं पेक्टिन सैल पडतं. सकाळी ते पाणी ओतून, हरभरे दोनदा धुऊन कुकरला लावले. काकींनी एक दाणा दोन बोटांत दाबला, तो लोण्यासारखा पसरला. "गरम आहे तोवर वाट, गार झालं की जड जातं," त्या म्हणाल्या. हा नियम पुरणाचा, पण हमसलाही तंतोतंत लागू! मऊसूत हमससाठी जगभरचे लोक नाना युक्त्या शोधतात. ज्या घरात होळीला पुरण वाटलं जातं, तिथला हात आधीच तयार असतो, असं माझं ठाम मत आहे.

हरभरे उकळलेल्या पाण्याला पाश्चात्त्य स्वयंपाकघरांनी २०१५ मध्ये 'अॅक्वाफाबा' असं नाव दिलं. अंड्याच्या पांढऱ्यासारखं ते फेसाळतं, हे लक्षात आल्यावर केवढा आनंद झाला! आपण त्याला कट म्हणतो. आपण तो कधी ओतून देत नाही.

भिजलेला दाणा जवळून बघा, एका टोकाला चोच दिसेल. त्यात मेंढ्याचं डोकं दिसलं म्हणून शास्त्रीय नाव 'सायसर अॅरिएटिनम', त्यातलं 'अॅरिएटिनम' मेंढ्यावरून. 'सायसर'वरून रोमन वक्ता सिसेरोचं नाव. आपल्याकडे कवी रामदास फुटाणे आहेतच! काबुली हरभऱ्याचं नाव पडलं काबूलवरून, पण राहुरीच्या कृषी विद्यापीठाने 'विराट' आणि 'कृपा' हे काबुली वाण इथल्या शेतासाठी काढले.

हमस कोणाचं, यावर लेबनॉन आणि इस्रायल हमरीतुमरीवर आले होते. जानेवारी २०१० मध्ये इस्रायलने सुमारे चार टनांचं ताट भरलं. मे महिन्यात लेबनॉनने १०,४५२ किलोंचं! आकडा मुद्दाम निवडलेला. देशाचं क्षेत्रफळही तेवढेच चौरस किलोमीटर.

या भांडणात मला आठवतात ते आपले कोकणातले बेने इस्रायली. पिढीजात धंदा तेलाच्या घाण्याचा, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. १९४८ नंतर त्यांतले कितीतरी इस्रायलला गेले, तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. घाण्याची माणसं तिळाच्या ताटाशी जाऊन बसली, हे मला फार आवडतं.

ऑलिव्हचं तेल घरात नव्हतं. वाटलेल्या हरभऱ्यात ताहिनी आणि लसूण मिसळून झालेल्या हमसच्या मधोमध खळगा करून घाण्याचं शेंगदाणा तेल सोडलं, वर लाल तिखट भुरभुरलं आणि तांदळाच्या गरम भाकरीशी खाल्लं. काकी निघताना कटाचं पातेलं घेऊन गेल्या. रात्री त्याच पातेल्यातून आमटी आली.