शाळेत न जाणारी मोठी मुले : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यातील चकलांबा परिसरात आठवी-नववीतल्या मुलामुलींची शाळा बहुधा दिवाळीच्या आगेमागे तुटते. ऊसतोडीच्या टोळ्या त्याच सुमारास मुकादमाबरोबर कारखान्यांकडे निघतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. तेवढ्या काळात वर्षाचा निम्मा अभ्यासक्रम वर्गात शिकवून झालेला असतो. मुलाने शाळा सोडली, असे गाव म्हणते. पुष्कळदा ती हंगामाने सोडायला लावलेली असते.

अशा मुलाबद्दलचा सर्वांत पक्का समज म्हणजे ‘त्याला डोकंच नाही’. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकावरून याची शहानिशा करता येते. आठवीत एकचल समीकरणे दुसऱ्या सत्रात येतात, म्हणजे नेमकी टोळी उसाच्या फडात असताना. नववीत दोन चलांतील रेषीय समीकरणे सुरू होतात, तेव्हा मागची पायरी त्या मुलाच्या पायाखाली नसतेच. शिक्षक फळ्यावर क्ष आणि य मांडतात, मुलगा वहीत उतरवून घेतो आणि विचारल्यावर गप्प बसतो. हे गप्प बसणे मठ्ठपणात जमा होते. खरे तर गळालेले दोन-तीन धडे कोणी बसून शिकवले तर बरीच मुले वर्गाबरोबर येतात. शाळेला दांडी मारण्याच्या सवयीमागे अनेकदा वर्गात हसे होण्याची भीती असते, हे पालकांनी आधी तपासावे.

‘शाळेच्या वेळेलाच बरं पोट दुखतं’ हा दुसरा टोमणा. सकाळी पोट किंवा डोके दुखते, मळमळते, छातीत धडधडते. दुपारी सगळे शांत होते आणि रविवारी त्रास नसतो. यावरून ते नाटक ठरवले जाते. पण चिंतेतून होणाऱ्या शारीरिक वेदना खऱ्याच असतात, मूल त्या रचत नसते. इथे एक फरक ओळखावा लागतो. दांडी मारणारा मुलगा घरच्यांना फसवून बाहेर भटकतो. शाळेचा धसका घेतलेले मूल घरच्यांच्या डोळ्यांदेखत घरातच राहते आणि बहुधा अभ्यास करायलाही तयार असते. त्याला मारून-मुटकून दारापर्यंत नेता येते, पण धसका वाढतो. उलट ‘राहू दे, मन होईल तेव्हा जाईल’ म्हणून महिनोन्‌महिने घरी ठेवले, तर परतणे आणखी अवघड होते. आधी कारण शोधायचे: मोठ्या मुलांचा त्रास, शिक्षकाची मारहाण, वाटेवरची छेडछाड, पाळीच्या दिवसांत शाळेत पाण्याची वा स्वच्छतागृहाची सोय नसणे. मग वर्गशिक्षकांशी बोलून रोज एक-दोन तासांपासून सुरुवात करायची. कारण मारहाण असेल, तर विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षा देणे शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमाने निषिद्ध आहे, हे शाळेला सांगता येते. उदासी, झोप उडणे, जगण्यात रस न उरणे अशी लक्षणे दिसली तर अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार मिळतो. ‘टेली-मानस’च्या 14416 या क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येते.

काही मुले हुशार असूनही अक्षरांत अडखळतात. ही विशिष्ट अध्ययन अक्षमता असू शकते आणि 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. महाराष्ट्रात अशा विद्यार्थ्यांना दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. मात्र अधिकृत प्रमाणपत्र परीक्षेच्या बरेच आधी काढावे लागते.

शिक्षण हक्क कायद्याबद्दलचे गोंधळही कमी नाहीत. ‘चौदा पूर्ण झाली, आता शाळा घेणार नाही’ हे चूक आहे. शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि चौदा वर्षे उलटली तरी आठवी पूर्ण होईपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क राहतो. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, म्हणून आठवीपर्यंतचा प्रवेश नाकारता येत नाही. पण दाखल्याअभावी घरी बसवलेली मुले टोळ्यांमध्ये हमखास सापडतात. खरी उणीव पुढे आहे: हा कायदा आठवीशी थांबतो आणि फडावर मोळ्या बांधायला हात हवा असतो तो त्याच वयात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना 2021 मध्ये जाहीर झाली: 41 तालुक्यांत मुले आणि मुलींसाठी प्रत्येकी एक, अशी 82 वसतिगृहे. त्यांची चौकशी बीडच्या समाजकल्याण कार्यालयात होते.

मुलीच्या बाबतीत शाळा सुटली की पुढचा विचार लग्नाचा. ‘मागे एकटी ठेवण्यापेक्षा दिलेली बरी’ असे म्हणताना आईबापांची काळजी खोटी नसते. पण त्यामागे हिशेबही असतो, कारण टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्यावर ठरते. म्हणजे लग्नाने मुलीचे कष्ट चुकत नाहीत, फडात सुरू होतात. अठराच्या आत मुलीचे लग्न लावणे 2006च्या कायद्याने गुन्हा आहे. शाळा लांब आहे ही अडचण असेल, तर गावच्या मुलींना माध्यमिक शाळेसाठी एसटीचा मोफत पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मिळतो. संकटात 1098 ही चाइल्ड हेल्पलाइन आहे.

‘रोज शाळेत गेल्याशिवाय दहावी होत नाही’ हा शेवटचा आणि सर्वांत महागात पडणारा समज. राज्य मंडळाचा 17 नंबरचा अर्ज भरून खाजगीरीत्या दहावीला बसता येते. त्यासाठी किमान पाचवी उत्तीर्ण आणि चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात. शाळा सोडल्याचा मूळ दाखला जोडावा लागतो, तो नसल्यास त्याची दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र चालते. ‘सतरा नंबर म्हणजे नापासांची वाट’ असे हिणवले जाते, पण प्रश्नपत्रिका तीच आणि मंडळही तेच असते. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. तिथे चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीला नोंदणी होते, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि विषय पाच वर्षांच्या आत एकेक करून सोडवता येतात. ज्याला शाळेचा धसका आहे किंवा ज्याचे सहा महिने फडावर जातात, त्याला ही सोय अधिक मानवते. मात्र या दोन्ही वाटांवर रोज शिकवणारे कोणी नसते. घरात अभ्यासाला बसवणारे माणूस नसेल, तर शाळाच बरी.

17 नंबरच्या अर्जांची मुदत दरवर्षी पावसाळ्यानंतर फार दिवस राहत नाही. म्हणून शाळा उघडताच जूनमध्ये मुख्याध्यापकांना तारखा विचारून ठेवाव्यात.