मातृवंशाचे दप्तर

इंग्लंडच्या रूढ कायद्याप्रमाणे अपत्याचे कूळ, नाव आणि दर्जा ही सारी पित्यावरून ठरत असत. परंतु उत्तर अमेरिकेतील व्हर्जिनिया या इंग्रजी वसाहतीच्या विधिमंडळाने १६६२ साली हा सर्वमान्य नियम उलटा फिरविला, आणि मूल स्वतंत्र की गुलाम याचा निवाडा केवळ त्याच्या मातेच्या स्थितीवरून व्हावा असे ठरवून टाकले. या फेरबदलामागे मातृत्वाविषयी काही पूज्यबुद्धी होती असे मात्र कोणी समजू नये. सहाच वर्षांपूर्वी एलिझाबेथ की नावाच्या स्त्रीने, आपला पिता इंग्रज होता आणि आपला बाप्तिस्माही झालेला आहे, या आधारावर दावा लावून स्वतःची मुक्तता करून घेतली होती. नव्या कायद्याने तो मार्ग बंद झाला, गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मलेले मालकाचे मूलही मालकाच्याच मिळकतीत जमा होऊ लागले, आणि जन्मदात्या पित्यास कसलीही जबाबदारी उरली नाही. कृष्णवर्णीय स्त्रीने आपल्या अपत्यास काय द्यावे हे सरकारने असे ठरविले, आणि ते देणे म्हणजे दास्य होते.

ज्या कायद्याने मातेस इतके निर्णायक महत्त्व दिले, त्याच राज्यव्यवस्थेच्या कागदपत्रांत मात्र तिला माता म्हणून स्थान नव्हते. गुलामांचे विवाह कायद्याला मान्य नव्हते. १८५० आणि १८६० च्या खानेसुमारीत गुलामांची पत्रके निराळी काढली गेली; त्यांत मालकाचे नाव लिहून त्याखाली प्रत्येक गुलामाचे वय, लिंग आणि वर्ण अशी मोजकीच माहिती नोंदली आहे, नाव जवळजवळ कोठेच नाही. त्यामुळे आपली वंशावळ शोधू पाहणाऱ्या आजच्या कृष्णवर्णीय अमेरिकन कुटुंबास १८७० च्या खानेसुमारीपर्यंत मागे जाता येते, आणि त्याहून मागच्या काळासाठी बहुधा मृत्युपत्रे, लिलावाच्या नोंदी आणि मालकांच्या जिंदगीच्या याद्या यांतच पूर्वजांचा माग काढावा लागतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांचे साहित्य समजून घ्यावयाचे तर प्रथम ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कारण सरकारी दप्तराने जे लिहिले नाही ते लिहून ठेवण्याचे काम या स्त्रियांनी पिढ्यान्पिढ्या केले, आणि ते केवळ कागदावरच केले असेही नाही.

दक्षिण कॅरोलिनातील एक सुती पोते याची साक्ष देते. १९२१ साली रूथ मिडलटन नावाच्या स्त्रीने त्या जुन्या, ठिगळे लावलेल्या पोत्यावर सुईदोऱ्याने मोजक्या ओळींत आपल्या घराण्याचा वृत्तान्त भरला. तिची आजी ॲशली नऊ वर्षांची असताना विकली गेली, तेव्हा ॲशलीची आई रोझ हिने हे पोते मुलीच्या हाती दिले. त्यात एक फाटका झगा होता, तीन मुठी पिकन नावाची कवचीची फळे होती आणि रोझच्या केसांची एक वेणी होती. मायलेकींची पुन्हा भेट झाली नाही. अभ्यासकांनी चार्ल्सटनच्या एका मृत धनिकाच्या मालमत्तेची यादी धुंडाळली तेव्हा त्यांना रोझ आणि ॲशली ही नावे आढळली; एकीची किंमत सातशे डॉलर, दुसरीची तीनशे. त्या यादीला या दोघींचे परस्परांशी नाते काय हे सांगण्याची गरज वाटली नव्हती. ते सांगितले नातीच्या सुईने. २००७ साली टेनेसीतील जुन्या वस्तूंच्या बाजारात हे पोते कोणाच्या तरी हाती लागले, आणि टाया माइल्स या इतिहासकार विदुषीने २०२१ मध्ये त्यावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला.

लेखणी हाती आली तरी ती आपलीच आहे हे सिद्ध करण्याचा भार या स्त्रियांवर होताच. फिलिस व्हीटली हिला १७६१ मध्ये आफ्रिकेतून बोस्टनला आणले, तेव्हा तिचे पुढचे दात पडलेले होते, म्हणून वय सातएक वर्षांचे असावे असा अंदाज बांधला गेला. ज्या जहाजातून ती आली त्याचे नाव तिला ठेवण्यात आले. १७७३ साली लंडनमध्ये तिचा काव्यसंग्रह निघाला, तेव्हा या कविता तिच्याच आहेत असा बोस्टनच्या अठरा प्रतिष्ठित पुरुषांचा दाखला त्यास जोडावा लागला. पुढे हॅरिएट जेकब्स हिने १८६१ मध्ये टोपणनावाने आत्मचरित्र प्रसिद्ध केले. मालकाच्या वासनेपासून सुटण्यासाठी ती उत्तर कॅरोलिनातील ईडन्टन गावी आपल्या आजीच्या घराला लागून असलेल्या खोपटाच्या माळ्यावर सुमारे सात वर्षे दडून राहिली होती. त्या जागेची लांबी नऊ फूट, रुंदी सात फूट आणि उंची जेथे अधिकात अधिक तेथे तीन फूट. फळीला छिद्र पाडून ती खाली खेळणारी आपली मुले पाहत असे, आणि मालकाची दिशाभूल व्हावी म्हणून आपली पत्रे न्यूयॉर्कहून टपालात पडतील अशी व्यवस्था करीत असे. हे पुस्तक कल्पित असावे, असे अनेक विद्वान दीर्घकाळ मानीत आले. जीन फेगन येलिन यांनी पुराव्यानिशी सिद्ध केलेली आवृत्ती निघाली ती १९८७ मध्ये.

त्याच वर्षी टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचे बीज १८५६ च्या एका खटल्यात आहे. मार्गारेट गार्नर ही गुलाम स्त्री गोठलेली ओहायो नदी ओलांडून केंटकीतून मुलाबाळांसह पळाली. पकडणाऱ्यांनी घर वेढले तेव्हा, दास्यात परत जाण्यापेक्षा बरे म्हणून, तिने आपल्या लहानग्या मुलीचा स्वहस्ते अंत केला. मग प्रश्न असा उभा राहिला की, ही स्त्री खुनाची आरोपी आहे की परत करावयाची मालमत्ता? गुलामगिरीच्या विरोधकांनीच तिच्यावर खुनाचा खटला भरावा असा आग्रह धरला. कारण खटला माणसावर चालतो, मिळकतीवर चालत नाही. परंतु निकाल मालकाच्या बाजूने लागला आणि तिची परत रवानगी झाली. मॉरिसन यांनी न्यायालयाचा वाद बाजूस ठेवून त्या मातेच्या मनात प्रवेश केला. १९९३ साली त्या साहित्याच्या नोबेल पारितोषिकाच्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री मानकरी ठरल्या.

१८६५ मध्ये अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपली, आणि आठ वर्षांनी जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ तिच्या निर्मूलनासाठी झटणाऱ्या अमेरिकनांस अर्पण केला, हे मराठी वाचकास ठाऊकच आहे. मुक्त झालेल्या लोकांनी जी कामे सर्वांत आधी हाती घेतली, त्यांत विकल्या गेलेल्या आप्तांचा शोध हे एक होते. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांतून हरवलेल्या आई, मुले, भावंडे यांच्या ठावठिकाण्याच्या जाहिराती कित्येक वर्षे येत राहिल्या. असे असूनही १९६५ मध्ये कामगार खात्यातील अधिकारी डॅनियल मॉयनिहन यांच्या सरकारी अहवालाने कृष्णवर्णीय समाजाच्या अवनतीचे एक मूळ स्त्रीप्रधान, मोडकळीस आलेल्या कुटुंबात शोधले. हर्बर्ट गटमन यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात मळ्यांच्या नोंदी तपासून दाखविले की, दास्यातही दीर्घकाळ टिकलेले संसार पुष्कळ होते, आणि मुलांना बाप-आजोबांची नावे ठेवण्याची रीत होती. पुढे पॅट्रिशिया हिल कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञ स्त्रीने, रक्ताच्या आईबरोबरच आजी, मावशी, शेजारीण अशा अनेकजणी मिळून मूल वाढवितात ही या समाजाची परंपरा मांडली. ज्याला अहवालाने रोग म्हटले होते, ती वस्तुतः जगण्याची घडी होती.

नाते शोधून, प्रसंगी जोडून घेण्याची ही वृत्ती लेखिकांच्या परस्परसंबंधांतही आढळते. झोरा नील हर्स्टन या फ्लोरिडातील ईटनव्हिल या कृष्णवर्णीयांनी स्वतः वसविलेल्या आणि चालविलेल्या गावात वाढल्या. मानववंशशास्त्राचे शिक्षण घेऊन त्यांनी आपल्याच लोकांच्या कहाण्या जमविल्या, आणि १९६० मध्ये त्या इतक्या विपन्नावस्थेत वारल्या की थडग्यावर नावाचा दगडही बसला नाही. १९७३ साली तरुण लेखिका ॲलिस वॉकर, हर्स्टन यांना जेथे पुरले होते त्या फ्लोरिडातीलच फोर्ट पिअर्सला गेल्या, आपण झोराची भाची आहोत असे लोकांस सांगून माग काढीत रान माजलेल्या दफनभूमीत पोहोचल्या आणि तेथे शिळा बसविली. शिळेवर जन्मसाल १९०१ कोरले गेले. खरे साल १८९१. हयातीत हर्स्टन आपले वय दहा वर्षे कमी सांगत असत.

मात्र हा मातृवंश म्हणजे निव्वळ गुणगान नव्हे. हर्स्टन यांच्या १९३७ मधील प्रसिद्ध कादंबरीत दास्य सोसलेली आजी नातीला सुरक्षिततेसाठी वयस्क, जमीनजुमला असलेल्या पुरुषाच्या गळ्यात बांधते; आजीची भीती नात समजू शकते, तरीही तिला त्या निर्णयाची क्षमा करता येत नाही. पूर्वजांचे ऋण मानणे आणि त्यांच्या निर्णयांची झाडाझडती घेणे ही दोन्ही कामे येथे एकच लेखणी करते. ज्यांच्या आज्यांना आपल्या लेकरांचे नावही सरकारी कागदावर लिहवून घेता आले नाही, त्यांच्या नातींनी वंशपरंपरेतील काय राखावे आणि काय टाकावे हे ठरविण्याचा अधिकार आपल्याकडे घेतला, यातच या साहित्याचे खरे सामर्थ्य आहे. केवळ दुःखाची कैफियत म्हणून ते वाचणाऱ्यास त्याचे अर्धेच मोल कळेल.